दोरा बांधलेली जोडवी

करंजा बंदरावरच्या पोरींना हळू बोलता येत नाही, ही काही निंदा नव्हे. धक्क्यावरून होडीतल्या बापाला हाक मारायची तर घशात दम लागतो, आणि तो एकदा आला की लग्न झालं म्हणून जात नाही. अंकिता तशीच. तिची आई भामा मासळीच्या लिलावाला उभी राहिली की पलीकडच्या होडीतला माणूस भाव ऐकून मान हलवायचा. अशा घरातली ही पोरगी पनवेलजवळ नेऱ्याच्या वाटेवरच्या त्या तीन मजली बंगल्यात सून म्हणून गेली, आणि उंबरा ओलांडल्याबरोबर तिला वाटलं, घरात कोणी गेलंय की काय.

गेलं होतंच म्हणा. सासरे काशीराम आदल्या वर्षी वारले होते. ते असते तर त्यांच्या मुलाने, केतनने, कॉलेजात जमलेल्या कोळ्याच्या मुलीचं नाव घरात काढायची छाती केली नसती. एके काळी खाडीवर त्यांची मिठागरं होती. जमीन सरकारने संपादित केली, हातात पैसा आला, तेव्हा भाऊबंदांनी पनवेलात भर रस्त्यावर बंगले ठोकले. काशीरामांनी मात्र डोंगराखालची, जिथं कुत्रं फिरकत नाही अशी जागा धरली. लोक म्हणाले, माणूसघाणा आहे, दुसरं काय. फोटोत बघावं तर कानांना घट्ट मफलर. मे महिन्यातल्या एका लग्नाच्या फोटोतही मफलर. अंकिताने विचारलं तर केतन म्हणाला, मिठागरावरच्या वाऱ्याची सवय, बाकी काही नाही.

रागाच्या गोष्टी मात्र सगळ्यांकडे होत्या. भांडं वाजलं की ताट अंगणात जायचं. पोरं खिदळली की पट्टा निघायचा. एकदा म्हणे शेजारच्या लग्नातला बेंजो त्यांनी एकट्याने जाऊन बंद पाडला होता, नवरदेव घोड्यावर असताना. माणूस मेला, पण धाक काही सरणावर गेला नाही. सासूबाई, कमळाबाई, अजून पावलाच्या कडेवर चालायच्या. ताटाशेजारी वाटी ठेवायची तर आधी करंगळी टेकवायची, मग वाटी. अंकिताला हसू यायचं. बाई, आता कोणाला भिताय, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

मग तिला मुलगी झाली, आणि ती जन्मल्यापासून रडतच होती.

या खाडीच्या दोन्ही अंगांना एक रीत आहे. मूल थांबेचना, अंगावर पिईना, की म्हणायचं, ते नाव मागतंय. मग घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून त्याच्या कानाशी घ्यायची. ज्या नावाला मूल गप्प होईल ते माणूस परत आलं असं समजायचं. मुलगा की मुलगी याला महत्त्व नाही, जीव काय कपडे बघून येतो? पाचवीच्या पूजेला भावकीतल्या बाया जमल्या होत्या. रामू पणजोबा झाले, बाळंतपणात गेलेली आत्या झाली, कोण कुठल्या चुलत आज्या झाल्या. पोरगी रडतेय म्हणून बाया आणखी ओरडून नाव सांगत होत्या, आणि बाया ओरडताहेत म्हणून पोरगी आणखी टिपेला जात होती. शेवटी एकच नाव उरलं. ते घ्यायला कोणी पुढे होईना, कारण सगळ्या त्यांच्या धाकट्या भावजया, थोरल्या दिराचं नाव कशा घेतील? तेव्हा कमळाबाई उठल्या. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. त्यांनी तोंडाला पदर लावला, वाकल्या, आणि ऐकू येईल न येईल असं म्हणाल्या, "काशीराम."

पोरगी गप्प झाली. डोळे उघडून सासूबाईंकडे बघत राहिली. कमळाबाई तशाच उलट्या पावलांनी मागे सरकल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

बारशाला नाव मनस्वी ठेवलं. कमळाबाईंनी ते एकदाही उच्चारलं नाही. त्या नातीला "ते" म्हणायच्या. ते झोपले का. त्यांना दूध दिलंस का. आधी अंकिताला गंमत वाटली, मग ओशाळल्यासारखं झालं, आणि मग, खरं सांगायचं तर, तिच्याही कानात बसलं. माणूस कशालाही सरावतो.

मनस्वी रांगायला लागली तशी मिक्सर लावायची सोय उरली नाही. घरघर सुरू झाली की पोरगी अशी किंचाळायची, की केतन जेवता जेवता उठून बटण बंद करायचा. मिक्सर मागच्या पडवीत गेला. मग कुकर माळ्यावर गेला, भात पातेल्यात शिजू लागला. दारावरची घंटा काढली. टीव्ही मुका झाला, आणि कमळाबाई मालिका नुसत्या तोंडांवरून ओळखू लागल्या. केतन सकाळी मोटरसायकल इंजिन बंद ठेवून ढकलत पार मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचा. एकदा अंकिताने त्याला जिन्यावरून उतरताना पाहिलं, बूट हातात धरून. इतका मोठा माणूस, बँकेत साहेब आहे. तिने विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, "बाबांच्या वेळी मी असंच उतरायचो." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अंकिताला वाटायचं. पण रोज कोण तोंड देणार? एकदा माघार घेतली की त्या दिवसापुरती शांतता मिळते, आणि दमलेल्या आईला तेवढी पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी मात्र कालच्याहून थोडी जास्त माघार लागते. अशी थोडी थोडी करत चार वर्षं गेली, आणि मनस्वीने किंचाळणं सोडून दिलं. आता ती फक्त डाव्या कानावर तळवा ठेवायची आणि ज्याचा आवाज झाला त्याच्याकडे बघायची. बघतच राहायची. किंचाळायची तेव्हा निदान लेकरू वाटायची, असं अंकिताच्या मनात येऊन जायचं आणि तिला स्वतःचीच लाज वाटायची.

एक दिवस जेवणं चालली असताना पोरगी सासऱ्यांचं कपाट उघडून बाहेर आली. डांबरगोळ्यांचा वास मारणारा मफलर तिने डोक्याला दोन वेढे घालून बांधला होता आणि टोक डाव्या कानामागे खोचलं होतं. हुबेहूब फोटोतल्यासारखं. हे तिला कोणी दाखवलं नव्हतं. कमळाबाईंचा घास हातातच राहिला. त्या उष्ट्या हातानेच उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, चार वर्षांच्या पोरीसाठी. मनस्वी सरळ सासऱ्यांच्या खुर्चीकडे गेली, चढून बसली, आणि तिचं जेवण होईपर्यंत कमळाबाई बसल्या नाहीत. भावकीत कोणीतरी हसत म्हणालं, जित्याची खोड मेल्यावरही जात नाही. अंकिताला हसू आलं नाही. ज्या सासऱ्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, त्याची उठबस आता तिला पाठ होत चालली होती.

मनस्वीला पनवेलमधल्या एका नर्सरीत घातलं तेव्हा अंकिताला बरं वाटलं होतं. चार पोरांत मिसळेल, पडेल, रडेल, पोरासारखी होईल. तिथल्या रुचिरा मॅडम फोनवर कौतुकच करायच्या. तुमची मुलगी आली आणि वर्गाला शिस्त लागली हो, म्हणायच्या. एकदा अंकिता न सांगता लवकर गेली. फाटकापाशी आली तर आत चिडीचूप. तिला वाटलं आज सुट्टी आहे आणि आपणच विसरलो. म्हणून तिने खिडकीतून डोकावलं.

वर्ग भरलेला होता. पोरं ओळीत उभी राहून बडबडगीत म्हणत होती. हात वर जात होते, चिमणी उडत होती, टाळीला टाळी येत होती, फक्त टाळी वाजत नव्हती. तळवे एकमेकांना लागायच्या आधी थांबत होते. सगळ्यांची तोंडं उघडत मिटत होती आणि आवाज नव्हता. मॅडमचंही तोंड तसंच हलत होतं. मॅडमच्या खुर्चीत मनस्वी बसली होती, मफलर बांधून, डोळे मिटून. तेवढ्यात एक पोरगा बाकाच्या कोपऱ्यावर आपटला. त्याचं तोंड रडायला मोठं उघडलं, आणि त्याने आपल्याच हाताने ते दाबून धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हूं नाही की चूं नाही.

 बाहेर आल्यावर रुचिरा मॅडम कुजबुजत म्हणाल्या की मनस्वीला त्रास होतो, म्हणून मुलंच समजून घेतात. बिचाऱ्या खूश होत्या. दाराबाहेर येऊनही त्या कुजबुजतच होत्या, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात भामा करंज्याहून सोडे आणि सुकट घेऊन आली. चपला फाटकातच काढून, पिशवी छातीशी धरून, ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. अंकिता माहेरच्या त्या दणदणीत हाकेची वाट बघत होती. अगो अंके, मेलीस काय, अशी हाक. भामाने तोंड तिच्या कानाशी नेलं आणि श्वासाने विचारलं, बरी आहेस ना.

अंकिताला रडूच आलं. म्हणाली, "आये, मोठ्यानं बोल ना. तू तरी मोठ्यानं बोल."

"नको गो बाय," भामा कुजबुजली. "ती आयकतेय."

वरच्या मजल्यावर मनस्वी होती, दार लावलेलं. पण भामा छताकडे ज्या नजरेने बघत होती ती अंकिताने याआधी एकदाच पाहिली होती, समुद्रात वादळ असताना. लिलावात बड्या व्यापाऱ्यांना न जुमानणारी ही बाई. तिचा आवाज गेला म्हणजे आता जगात कोणाचा उरला?

आणि आईचा तो श्वास कानावर पडत असतानाच अंकिताला पाचवीचा दिवस आठवला. सगळ्या बाया कोकलत होत्या. एकीनेच पदराआडून, ऐकू येईल न येईल असं म्हटलं होतं. त्या नावाच्या जागी दुसरं कोणाचंही नाव असतं, मेलेल्याचं, जित्याचं, नाहीतर कोथिंबिरीचं, तरी पोरगी गप्पच झाली असती. ती नावाला गप्प झालीच नव्हती. खोलीतला गलका थांबला म्हणून गप्प झाली होती. आणि आपण सगळ्यांनी मिळून त्या पाच दिवसांच्या जिवाला मेलेल्या माणसाचं जिणं बहाल केलं.

आईला चहा देऊन घाईने वाटेला लावावं म्हणून ती वळली, आणि तिला जाणवलं की आपण चाललो त्याचा आवाज झाला नाही. तिने खाली बघितलं. तिच्या जोडव्यांना पांढरा दोरा गुंडाळलेला होता, लादीवर वाजू नयेत म्हणून. बांगड्यांनाही मधे मधे दोरा, एकमेकींवर किणकिणू नयेत म्हणून. नीट, घट्ट, बऱ्याच दिवसांचा, मळलेला. आपण हे कधी केलं ते तिला काही केल्या आठवेना.

भामा गेल्यावर ती तशीच कमळाबाईंकडे गेली आणि पाय पुढे केला. कमळाबाईंनी वाकून त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी कपाटातून एक डबी काढली. नवरा गेल्यावर काढून ठेवलेली जोडवी होती तीत. त्यांनाही तोच दोरा होता, मिठाच्या गोणी शिवायचा. गाठही तीच, उलटी, आत दडवलेली. अंकिताला ही गाठ कोणी शिकवली नव्हती.

"माज्या सासूनं बांधून दिलता," कमळाबाई म्हणाल्या. "हलदीचे हात व्हते माजे अजून. बोलली, माजा पोर लहानपनापासून असाच हाय, त्याच्यासमोर वाजू नको. ती सोता तशीच चालायची. मी पन चालले. जन्मभर चालले." जोडवी डबीत ठेवत त्या म्हणाल्या, "ते तसे व्हते म्हनून आमी दबलो, का आमी दबलो म्हनून ते तसे झाले, काय म्हाईत. तुला तर कोनी सांगितला पन नाय. तरी तू बांधलास."

अंकिताने विचारलं, लहानपणी म्हणजे कसे होते ते. कमळाबाईंना ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. सासू फक्त एवढंच सांगायची की पोरगा देवळात आरती लागली की पळून जायचा, आणि त्यासाठी त्याने बापाचा मार खाल्ला होता. देवाला भीत नाही म्हणून.

त्या दिवशी दुपारी अंकिताने कात्री घेतली आणि दोरे कापले. मग माळ्यावरून कुकर काढला, डाळ-तांदूळ लावले, आणि गॅस पेटवला.  ही काही मोठी मर्दुमकी नव्हे, कुकरच लावत होती बाई, पण त्या घरात तेवढं करायला छाती लागत होती. जोडवी लादीवर टकटक वाजली. तिला स्वतःलाच त्या आवाजाने दचकायला झालं. आपली पोरगी आपल्याला परत मिळणार की नाही ते आता या ओट्यापाशीच ठरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज मागे सरलो तर मग पुढे सरायला जागाच नाही.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत. तरी मनस्वी दारात उभी होती. मफलर बांधलेला, तळवा डाव्या कानावर. ती कुकरकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. कमळाबाई मागून धावत आल्या आणि त्यांचा हात गॅसकडे गेला. "बंद कर गं," त्या म्हणाल्या, "त्यांना चालत नाय." अंकिताने तो हात धरला. कुकर फसफसायला लागला, शिट्टी डुलायला लागली. चार वर्षांच्या त्या चेहऱ्यावर साठ वर्षांच्या माणसाचा राग चढत गेला. भुवई चढली, जबडा आवळला. हा चेहरा फोटोतला आहे, हे अंकिताला दिसत होतं. पळून जावं असं वाटत होतं. ओरडून दटावावं असंही वाटत होतं, आणि या दोहोंपलीकडे आईने काय करायचं असतं ते या घरात कोणी कधी शिकवलं नव्हतं.

ती मटकन खाली बसली, पोरीच्या उंचीला आली, आणि तिने आपले दोन्ही तळवे पोरीच्या कानांवर दाबून धरले. शिट्टी झाली. मनस्वीने तिच्या तोंडावर नखं ओढली, मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. अंकिताने हात काढले नाहीत. शिट्टी विरली, तशी तिने एक हात जरा सैल केला आणि हळू, पण कुजबुजत नव्हे, आपल्या खऱ्या आवाजात विचारलं, "मनू, काय होतं तुला?"

पोरगी बघत राहिली. जबडा थरथरला. मग तो राग मेण वितळावं तसा चेहऱ्यावरून उतरला आणि खालून एक लहान, दमलेलं, घाबरलेलं लेकरू निघालं.

"आई, कान दुखतात," ती म्हणाली. "आत सुई टोचते. रोज टोचते."

अंकिताने गॅस बंद केला आणि तिला पोटाशी घेतलं. पोरगी रडायला लागली, मोठ्याने, भोकाड पसरून, आणि अंकिताला इतकं बरं वाटलं की तीही रडली. सुई टोचते तर डॉक्टर आहेत, कानात घालायला कापूस आहे, आरतीच्या वेळी बाहेर बसवता येतं, हजार गोष्टी करता येतात. फक्त ठाऊक असायला हवं होतं.

मग तिने मागे पाहिलं. कमळाबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्या नातीच्या डोक्यावरच्या मफलरकडे बघत होत्या. मे महिन्यातल्या मफलरकडे, डोंगराखालच्या या घराकडे, अंगणात भिरकावलेल्या सगळ्या ताटांकडे बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीसमोर येऊन खाली बसल्या. पदर डोक्यावरून घसरला तो त्यांनी सावरला नाही.

"तुमचे पन कान दुखत व्हते?" त्यांनी विचारलं. "मग तेवा का नाय सांगितलात?"

अंकिता म्हणणार होती, आई, ती मनस्वी आहे. पण तिच्या आधीच पोरीने आईच्या खांद्यावरून मान वळवली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिने आजीकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

 पोरगी स्वतःबद्दल बोलली की आणखी कोणाबद्दल, हे अंकिताने पुढेही कधी विचारलं नाही. कमळाबाईंच्या घशातून आधी एक घरघर निघाली, मग त्यांनी जमिनीवर हात आपटून गळा काढला. नवरा गेला त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. सगळं आयुष्य आत दाबून धरलेला तो आवाज त्या बंगल्याच्या तिन्ही मजल्यांवर घुमला, तावदानं थरथरली.

मनस्वीने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले, आणि त्यांना रडू दिलं.